पहिल्या पानापासून तपासणी

ऑडिटर सगळे तपासतो, असा सभासदांचा समज असतो आणि तो मोडण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. प्रत्यक्षात पतसंस्थेचे वर्षभराचे दफ्तर समोर आले की आम्ही काही महिन्यांच्या पावत्या निवडतो, मोठ्या रकमेची कर्जप्रकरणे बाहेर काढतो, बँकेच्या शिलकेचा ताळमेळ घालतो, रोकड मोजतो, आणि गेल्या वर्षीच्या ताळेबंदावर आपल्या आधीच्या माणसाची सही आहे म्हणून आरंभीची शिल्लक बरोबर धरून चालतो. त्या आधीच्यानेही तेच केलेले असते. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, खानापूर आणि बेळगाव शहर एवढ्या टापूतल्या पतसंस्थांची आणि सौहार्द सहकारी संस्थांची दफ्तरे चाळण्यात माझी नोकरी गेली. कीर्द मराठीत, ठरावबुक मराठीत, खात्याकडे जाणारा अहवाल कन्नडमध्ये, आणि त्याला जोडलेली परिशिष्टे इंग्रजीत, असा तो एकूण कारभार होता. पण एखाद्या संस्थेच्या स्थापनेपासूनची प्रत्येक नोंद मी कधीही तपासली नाही, आणि तशी तपासणारा माणूसही माझ्या पाहण्यात आला नाही. वेळ नसतो, जुनी दफ्तरे वाळवीने खाल्लेली असतात, आणि खरे सांगायचे तर तशी अपेक्षाही कोणी केलेली नसते.

निवृत्तीनंतर शहापुरातल्या घरी, वापरात नसलेल्या संगणकावर बिटकॉइनचा पूर्ण नोड बसवण्याचे डोक्यात आले ते ह्याच कारणाने. बिटकॉइन विकत घेणे आणि बिटकॉइनचा नोड चालवणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला घरात आणि गल्लीत वारंवार सांगावे लागले. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहायला सांगणारे परिपत्रक काढले, सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते रद्द ठरवले, आणि २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर आणि हस्तांतरणावर १ टक्का उद्गम कर बसवला. हा सगळा इतिहास घेणाऱ्यांचा आणि विकणाऱ्यांचा आहे. नोड म्हणजे केवळ एक प्रोग्राम. तो जगभरच्या अशाच इतर संगणकांशी बोलतो, २००९ पासूनची संपूर्ण हिशेबवही उतरवून घेतो, प्रत्येक नोंद नियमांना धरून आहे की नाही हे स्वतः तपासतो, आणि त्यानंतर साधारण दर दहा मिनिटांनी येणारे नवे पान तसेच तपासून मागच्या पानांना जोडतो. त्याला मुख्य कचेरी नाही आणि निबंधकही नाही. तो चालवणाऱ्याच्या हाती एकही नाणे असण्याची गरज नसते, आणि माझ्या हाती ते नाही.

पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करणारा भाचा सुट्टीत आला होता, त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मामा, ह्यातनं मिळतंय काय तुम्हाला?” मी म्हटले, “ऑडिट फी मिळत नाही, एवढं नक्की.” त्यानंतर मात्र त्याने मदत केली, आणि ह्या लेखातली जी तांत्रिक बाजू मला नीट मांडता आली आहे ती बरीचशी त्याच्या शिकवणीची आहे.

पहिली अडचण आली ती प्रोग्राम उतरवून घेण्याच्या आधीच, आणि माझ्या मते सबंध प्रकरणातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग तोच आहे. बिटकॉइन कोअर हा नोड चालवण्याचा प्रोग्राम कोणालाही फुकट मिळतो. परंतु जी फाइल आपण उतरवली ती कर्त्यांनी तयार केलेलीच आहे, वाटेत कोणी बदललेली नाही, हे कशावरून? त्यासाठी फाइलीसोबत हॅशांची यादी दिलेली असते. हॅश म्हणजे फाइलीतल्या प्रत्येक अक्षरावरून गणिताने काढलेली लांबलचक संख्या. फाइलीत एक अक्षर बदलले तरी ती पूर्ण बदलते. त्या यादीवर अनेक विकासकांच्या डिजिटल सह्या असतात. ह्या सह्यांचा अर्थ ‘मी हे पाहिले’ एवढाच नसतो. मूळ सूत्रांपासून, म्हणजे सोर्स कोडपासून, प्रोग्राम बांधण्याची एक ठरवून दिलेली पद्धत आहे, तिला गिक्स म्हणतात, आणि ती पाळली तर जगात कोठेही, कोणत्याही यंत्रावर बांधलेली फाइल बिट न् बिट सारखीच निघते. म्हणजे सही करणाऱ्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे बेरीज केली आहे आणि सगळ्यांची बेरीज जुळली आहे. ऑडिटच्या क्षेत्रात अशी चैन मी कधी उपभोगली नाही; आमच्याकडे एकाने बेरीज करायची आणि दुसऱ्याने त्याच्या पेन्सिलीच्या टिकेवर टीक मारायची, हीच रीत.

पण सह्या जुळल्या, तरी त्या सह्या त्या-त्या माणसांच्याच आहेत हे कोण सांगणार? ह्यांपैकी एकालाही मी भेटलेलो नाही. ज्या डिजिटल किल्ल्यांनी ह्या सह्या पडताळतात, त्या किल्ल्यांचे ठसे भाच्याने दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळवून एकमेकांशी ताडून पाहिले आणि आम्ही पुढे गेलो. ‘विश्वास ठेवू नका, तपासून पाहा’ असे ह्या क्षेत्रातले लोक उठताबसता म्हणत असतात. ते वाक्य मला आवडते, पण ते जसेच्या तसे खरे नाही, हे पहिल्याच संध्याकाळी ध्यानात आले. विश्वास अनेकांत वाटला जातो, त्याचा बराचसा भार गणितावर टाकता येतो, आणि जो उरतो तो कोठे उरला आहे हे बोट ठेवून दाखवता येते. पतसंस्थेच्या कारभारात मला हे शेवटचे कधीच जमले नव्हते.

सामानाची बाब थोडक्यात सांगतो. ही वही आज ६०० जीबीच्या वर गेलेली आहे, म्हणून खडेबाजारातून २ टीबीची एसएसडी आणली. दुकानदाराने सीसीटीव्हीसाठी हवी का म्हणून विचारले, आणि हो म्हणणे मला सोपे वाटले. जुनी फिरती हार्ड डिस्क ह्या कामाला चालत नाही, असे म्हणण्यापेक्षा ती चालते पण माणसाचा अंत पाहते. ह्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. बिटकॉइनमध्ये खात्यावरची शिल्लक अशी गोष्टच नाही. आधीच्या कोणत्या तरी व्यवहारातून आलेले आणि अजून न खर्चलेले तुकडे तेवढे असतात, आणि नवा व्यवहार त्यांतले काही तुकडे मोडून नवे तुकडे तयार करतो. नोड ह्या न खर्चलेल्या तुकड्यांची यादी निराळी ठेवतो आणि प्रत्येक व्यवहाराच्या वेळी, मोडायला आणलेला तुकडा यादीत आहे का, हे उघडून बघतो. यादीत कोट्यवधी नोंदी, आणि हव्या त्या नोंदी एका ओळीत कधीच नसतात. त्यामुळे फिरत्या डिस्कचे टोक सारखे इकडून तिकडे धावत राहते. ह्या धावपळीवर उपाय म्हणून यादीचा काही भाग मेमरीत धरता येतो. त्याचे माप मुळात ठरवून दिलेले असते आणि ते वाढवता येते. परंतु मेमरीत धरलेले जोवर डिस्कवर उतरत नाही, तोवर वीज गेली की तेवढे काम पुन्हा करावे लागते, आणि नेमके लिहिण्याच्या क्षणी गेली तर यादीच बिघडून सगळी नव्याने बांधावी लागण्याचीही शक्यता असते. बेळगावच्या पावसात फांदी तारेवर पडणे ही बातमी नसते. म्हणून मी यूपीएस घेतला, माप बेताचेच वाढवले, आणि वेगाचा मोह सोडला.

ज्यांच्याकडे एवढी जागा नाही त्यांनी निराश होऊ नये. तपासून झालेली जुनी पाने फेकून देण्याची सोय प्रोग्राममध्ये आहे, आणि पानांसाठी किमान ५५० एमबी एवढीच जागा राखूनही नोड चालतो. तपासणीत त्याने काही उणेपणा येत नाही; फक्त उद्या नव्याने येणाऱ्या एखाद्या नोडला जुनी पाने देता येत नाहीत. मी सगळी पाने ठेवली, ह्यात तत्त्व कमी आणि दफ्तर जपण्याची खोड जास्त.

प्रोग्राम सुरू केल्यावर तो प्रथम पानांचे मथळे तेवढे आणतो. एकेक मथळा ८० बाइटचा असतो; त्यात मागच्या मथळ्याचा हॅश, पानावरच्या सर्व व्यवहारांचा मिळून एक हॅश, वेळ आणि ते पान तयार करण्यासाठी खर्ची पडलेल्या गणनेचा पुरावा एवढे मावते. नऊ लाखांहून अधिक मथळे मिळून सत्तर-ऐंशी एमबीच होतात, त्यामुळे साखळीचा सांगाडा लवकर उभा राहतो. मग खरी पाने उतरू लागतात. ती एका वेळी अनेक शेजाऱ्यांकडून पुढे-मागे येतात, पण तपासली जातात मात्र काटेकोर क्रमानेच.

पहिल्या पानावर ३ जानेवारी २००९ ही तारीख आहे आणि वेळ आपल्या घड्याळाने रात्रीचे पावणेबारा. त्यात सातोशी नाकामोतो ह्या अज्ञात कर्त्याने लंडनच्या ‘द टाइम्स’ दैनिकाचा त्या दिवसाचा मथळा घालून ठेवला आहे. अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा सावरण्याच्या बेतात आहेत, अशा अर्थाचा. प्रत्येक पानासोबत ते तयार करणाऱ्याला मानधन म्हणून नवी नाणी मिळतात; ह्या पानाने निर्माण झालेली ५० नाणी मात्र खर्चताच येत नाहीत, कारण न खर्चलेल्या तुकड्यांच्या यादीत ती कधी घेतलीच गेली नाहीत. दुसरे पान थेट ९ जानेवारीचे. १२ जानेवारीला, क्रमांक १७० च्या पानावर, सातोशीने हॅल फिनी ह्यांना १० नाणी पाठवली, आणि हा दोन माणसांमधला पहिला व्यवहार. बाकी त्या वर्षातली बहुतेक पाने कोरीच म्हणावीत अशी, म्हणजे नव्या नाण्यांची एक ओळ आणि पुढे काही नाही. २००९ चे सबंध वर्ष, सुमारे ३२ हजार पाने, पडद्यावरून काही मिनिटांत निघून गेले, तरी पूर्ततेचा आकडा शून्याच्या जवळच घुटमळत होता. हा आकडा पानांवरून काढत नाहीत, व्यवहारांच्या संख्येवरून काढतात, हे कळेपर्यंत प्रोग्राम बिघडला असावा असेच वाटत राहते.

२०१० मात्र ऑडिटरने थांबून पाहावे असे वर्ष आहे. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला क्रमांक ७४६३८ च्या पानावर कोणी तरी बेरजेतली उणीव हेरून १८४ अब्जांहून अधिक नाणी हवेतून निर्माण केली. दोन रकमा एवढ्या मोठ्या होत्या की त्यांची बेरीज प्रोग्रामच्या रकान्यात मावेना आणि उलटून ऋण झाली. काही तासांत दुरुस्त प्रोग्राम बाहेर पडला, दुरुस्त नियमांनी नवी साखळी सुरू झाली आणि तिने चुकीच्या साखळीला मागे टाकले. माझ्या नोडने ७४६३८ क्रमांकाचे पान आणले, पण ते दुसरे, स्वच्छ पान. फाडलेले पान माझ्याकडे नाही. आमच्या नियमांत पान फाडणे हा गुन्हा आहे, चुकीच्या नोंदीवर आडवी रेघ मारून शेजारी सही करावी लागते, त्यामुळे हे मला आजही पुरते पटलेले नाही. पण तो निर्णय एका कोणाचा नव्हता, ज्याने-त्याने नवा प्रोग्राम स्वतःहून चालवला म्हणून तो झाला, हेही तितकेच खरे.

त्याहून गंमतीचा प्रकार नोव्हेंबर २०१० मधला. नव्या नाण्यांच्या दोन व्यवहारांना आधीच्या दोन व्यवहारांचाच क्रमांक मिळाला, तंतोतंत तोच. एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निघाल्यावर नवी जुनीच्या जागी बसली आणि प्रत्येकी ५० प्रमाणे १०० नाणी कायमची नाहीशी झाली. पुढे अशा पुनरावृत्तीला बंदी करणारा नियम आला, पण ही दोन पाने तर साखळीत आधीच होती. म्हणून ९१८४२ आणि ९१८८० हे क्रमांक अपवाद म्हणून प्रोग्रामच्या सूत्रातच लिहून ठेवले आहेत आणि ते आजही तेथे आहेत. इतका प्रामाणिक शेरा मी फार थोड्या दफ्तरांत पाहिला आहे.

मार्च २०१३ मध्ये तर प्रोग्रामच्या दोन आवृत्त्यांचे एकाच पानावरून पटेना. नव्या आवृत्तीने ते घेतले, जुनीने नाकारले, आणि काही तास जगात दोन वह्या चालल्या. शेवटी पाने तयार करणाऱ्यांनी आपण होऊन जुन्या आवृत्तीकडे परत जायचे ठरवले आणि वही एक झाली. महाराष्ट्राचा सीमादावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तेव्हा काही तासांत मिटणारा वाद वाचून बेळगावच्या माणसाच्या मनात काय येते ते मी लिहीत नाही.

इतके झाल्यावर सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. नोड सगळे तपासतो असे मी वर म्हटले, पण बसवल्यावर जसाच्या तसा चालवला तर तो सगळे तपासत नाही. प्रत्येक आवृत्तीत एका बऱ्यापैकी अलीकडच्या पानाचा हॅश लिहून दिलेला असतो, आणि त्या पानाच्या मागे असलेल्या पानांवरच्या सह्या, म्हणजे तुकडे खर्चणाऱ्यांनी आपापल्या व्यवहारांवर केलेल्या डिजिटल सह्या, बरोबर आहेत असे गृहीत धरले जाते. रकमा, दुबार खर्च, गणनेचा पुरावा आणि पानांची जोडणी हे सगळे तेव्हाही तपासले जाते. फक्त सह्यांची तपासणी, जी सर्वांत खर्चाची, ती गाळतात. ह्या सोयीला ‘अझ्यूम व्हॅलिड’ म्हणतात. तिच्या बाजूने बोलणारे म्हणतात की एवढी वर्षे हजारो नोडांनी ह्या सह्या तपासल्या आहेत, एखादी खोटी असती तर बोभाटा झाला असता, आणि सूत्रात लिहिलेला हॅश कोणालाही पाहता येतो. हे सर्व बरोबर आहे. पण आरंभीच्या शिलकेवर आधीच्या माणसाची सही आहे म्हणून ती बरोबर धरायची, हेच तर मी आयुष्यभर केले होते. मी ती सोय बंद केली. भाच्याने कपाळाला हात लावला, कारण त्याच्या मते ह्याने हाती काही लागणार नव्हते आणि वेळ मात्र बराच वाढणार होता. त्याची दोन्ही भाकिते खरी ठरली.

कारण पुढची वर्षे जड आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये सह्या निराळ्या ठेवण्याची नवी पद्धत आली आणि एका पानात मावणाऱ्या मजकुराची मर्यादा प्रत्यक्षात वाढली. २०२३ पासून लोकांनी व्यवहारांच्या पोटात चित्रे आणि मजकूर घालायला सुरुवात केली. अनोळखी माणसांनी काढलेली माकडांची चित्रे माझ्या डिस्कवर कायमची राहणार, हे मला रुचत नाही, परंतु शुल्क भरून आणि नियम पाळून आलेली नोंद आवडीनिवडीवरून नाकारणारा ऑडिटर मला त्याहून रुचत नाही. सुरुवातीला वर्षे मिनिटांत सरत होती, आता एक महिना सरायला अर्धा दिवस लागू लागला. पंखा अखंड फिरत होता. बाहेर पाऊस, गल्लीत यंत्रमागांचा आवाज, आणि पडद्यावर पूर्ततेचा आकडा दशांशचिन्हानंतरच्या घरात सरकत होता.

तपासणी पूर्ण झाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती तेरीज, म्हणजे एकूण बेरजेची जुळणी. क्रमांक शून्यापासून ८,३९,९९९ पर्यंतची ८,४०,००० पाने घेतली तर दर २,१०,००० पानांना नव्या नाण्यांचे प्रमाण ५०, २५, १२.५ आणि ६.२५ असे निम्मे होत आले आहे. कागदावर गुणाकार केला की १,९६,८७,५०० नाणी होतात. नोडला त्या पानापर्यंतची एकूण रक्कम विचारली तर ती ह्यापेक्षा कमी येते, आणि माझ्या जिवाला बरे वाटले ते पुढचे उत्तर पाहून. नाण्यांच्या आकडेवारीची निराळी सूची बांधून ठेवली असेल तर हाच प्रोग्राम फरकाची फोडही देतो: पहिल्या पानाची न खर्चता येणारी नाणी, त्या दोन दुबार पावत्यांनी गिळलेली नाणी, मुद्दाम खर्चबाह्य केलेले तुकडे, आणि पान तयार करणाऱ्याने हक्काचे असून न घेतलेले मानधन. मे २०११ मध्ये क्रमांक १२४७२४ च्या पानावर कोणी ५० ऐवजी ४९.९९९९९९९९ नाणीच घेतली. डिसेंबर २०१७ मध्ये क्रमांक ५०१७२६ च्या पानावर तर १२.५ नाण्यांचा हक्क असताना शून्य. फोडीतली बेरीज शिलकेत मिळवली आणि १,९६,८७,५०० हा आकडा शेवटच्या स्थानापर्यंत जुळला. कोणाच्याही सहीविना जुळलेली ही माझी पहिली तेरीज.

ह्या तपासणीला मर्यादा आहेत, आणि त्या नात्यातल्या एका माणसामुळे समोर आल्या. खानापूरकडचे ते पाहुणे मोबाइल घेऊन आले; त्यात एका ॲपवर त्यांच्या नावे बिटकॉइनचा आकडा दिसत होता, पैसे काढायला गेले की मात्र आणखी पैसे भरायला सांगत. तुमच्याकडे सगळी वही आहे ना, मग माझी नाणी त्यात शोधून द्या, असे त्यांचे म्हणणे होते. वहीत नावे नसतात, पत्ते असतात, आणि त्यांच्याकडे एकही पत्ता नव्हता, नाणी खर्चण्याची एकही किल्ली नव्हती. होता तो कोणाच्या तरी सर्व्हरवरचा आकडा. वहीत न आलेल्या नोंदीविषयी नोड काही सांगू शकत नाही, हे मी त्यांना जमेल तितक्या सौम्यपणे समजावले आणि पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार द्यायला सांगितले.

आता नोड चालूच असतो. नवे पान आले की क्षणभरात तपासून होते, आणि विजेच्या बिलात फरक जाणवावा एवढा पडत नाही. सेवा देणाऱ्याने घरच्या जोडणीला स्वतंत्र पत्ता दिलेला नसल्यामुळे बाहेरून कोणी माझ्याकडे येऊन जुनी पाने मागू शकत नाही, मीच दहा-एक शेजाऱ्यांकडे जात असतो; जपलेले दफ्तर त्यामुळे सध्या कोणाच्या उपयोगी पडत नाही. टॉर ह्या, संगणकाचा खरा पत्ता लपवणाऱ्या जाळ्याच्या वाटेने ते जमते असे भाचा म्हणतो, ते पुढच्या सुट्टीत करायचे ठरले आहे.

त्याआधी त्याला प्रोग्रामचे मूळ सूत्र मला दाखवायला लावले, कारण उरलेला विश्वास त्यातच आहे. मला ती भाषा येत नाही, पण नव्या नाण्यांचे मानधन ठरवणाऱ्या ओळी इतक्या थोड्या आहेत की समजावल्यावर कळतात: पानाच्या क्रमांकाला २,१०,००० ने भागायचे, भागाकार येईल तितक्या वेळा ५० चे निम्मे करायचे, आणि भागाकार ६४ झाला की शून्य. ज्या २ कोटी १० लाखांच्या मर्यादेचा सगळीकडे गाजावाजा असतो, ती ह्या ओळींत कोठेही नाही. तो आकडा सूत्रात दुसरीकडे आहे, पण केवळ एखादी रक्कम अशक्य तर नाही ना हे पाहण्यापुरता, आणि हा एकूण चलनसाठा नव्हे असा शेराही त्याच्याजवळच दिला आहे. नाण्याचा सर्वांत लहान भाग एका नाण्याचा दहा कोटीवा हिस्सा असतो आणि निम्मे करताना त्याखालचे सोडून दिले जाते, त्यामुळे खरी बेरीज २,०९,९९,९९९.९७६९ एवढीच होते. भाच्याने ती संगणकावर केली आणि मी कागदावर, जुळली.